खणखणीत नकला

रायगड उतरून पायथ्याशी कोकम सरबत पीत उभा होतो. शेजारच्या टपरीत भवानी तलवारीच्या किचेन, जिरेटोपाचे फ्रिज मॅग्नेट, आणि त्यांच्या मधोमध लाल मखमलीच्या डबीत एक चकचकीत पांढरं नाणं. ‘‘होन आहे साहेब. चांदीचा. प्युअर.’’ टपरीवाल्याने डबी टक्कन उघडून दाखवली.

चांदीचा होन म्हणजे तांब्याची पितळी म्हणण्यातला प्रकार. होन हे सोन्याचंच नाणं. १६७४च्या राज्याभिषेकाशी नातं सांगणारा शिवराई होन असतो जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा, बोटाच्या नखाएवढा. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. तीच अक्षरं तांब्याच्या शिवराईवर. माझ्या तळहातावरचा होन दहा ग्रॅमचा होता, पांढरा होता आणि असली होनाच्या दुप्पट रुंद होता.

तरी घेतला. असली होन लिलावात येतो तेव्हा त्याची किंमत ऐकूनच आमच्यासारखे लोक खुर्चीतून उठतात. नकलेला मात्र कुणी अडवत नाही. मग या कोकण किनाऱ्यावर आणखी कुठकुठली नाणी पाडली गेली आणि त्यांच्या कुठल्या नकला मिळतात, याचा नाद लागला. नादच तो, त्यातून जे हाती लागलं ते पुढे, जसं आठवेल तसं.

अलिबागसे आया है क्या?

मुंबईत एखाद्याला भोळा, अडाणी ठरवायला वापरलं जाणारं हे वाक्य अलिबागकरांच्या इतकं जिव्हारी लागलं, की त्यावर बंदी घाला म्हणून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. न्यायालयाने ती फेटाळली. पण तीनशे वर्षांपूर्वी एखाद्या सराफाने समोरच्या रुपयाकडे बघत हाच प्रश्न अगदी गंभीरपणे विचारला असता. कारण रुपया खरंच अलिबागहून येत असे. कान्होजी आंग्र्यांनी अलिबाग वसवलं आणि तिथे स्वतःचं चांदीचं नाणं पाडलं, तो अलिबागी रुपया.

आंग्र्यांच्या टांकसाळीला ‘खासगी’ म्हणावं का, यावर वाद घालता येईल. समोरासमोर म्हटलं असतं तर कुलाब्याच्या बुरुजावरून एखादा गोळा आला असता. कान्होजी छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, त्यामुळे कागदोपत्री सगळं सरकारीच. पण आरमार त्यांचं, जहाजांना दस्तक म्हणजे परवाने विकणार ते, आणि रुपयाही त्यांचा. १७२९ मध्ये कान्होजी गेले, १८४० मध्ये इंग्रजांनी वारस नाही म्हणून कुलाबा संस्थान खालसा केलं. अलिबागचा हिराकोट किल्ला, १७२०चा, त्याच वेळी तुरुंग झाला.

गंमत अशी की मराठ्यांच्या बहुतेक रुपयांवर नाव असे दिल्लीच्या बादशहाचं, तेही फारसीत. ज्याच्याशी लढायचं त्याच्याच नावाने पैसा पाडायचा. यात लाचारी नव्हती, व्यवहार होता. बाजाराला त्या अक्षरांची सवय होती, आणि सवयीचं नाणं सराफ कमी कुरकुर करत घेतो. मराठी ओळख मग कोपऱ्यातल्या छोट्या खुणेत: कुठे ‘श्री’, कुठे अंकुश, कुठे कट्यार. पुण्याच्या अंकुशी रुपयाचं नावच त्या अंकुशावरून पडलं.

पैसे पाडायचं कंत्राट

आता खरी खासगी गोष्ट. १७४४च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी दोन परवाने दिले. एक नागोठण्याच्या बाळाजी बापूजींना, दुसरा रेवदंड्याच्या बहिरो राम दातारांना. परवाना कशाचा, तर पैसे पाडण्याचा! दहा मासे वजनाचे तांब्याचे पैसे पाडा, सरकारात ठरलेली रक्कम भरा. आज आपण गावात पेट्रोल पंपाची डीलरशिप मागतो तसाच हा प्रकार.

नागोठण्याहून एसटीने जाताना मी हे शेजारच्या काकांना सांगितलं. काका नागोठण्याचेच. ते म्हणाले, ‘‘आमच्याकडे आता एटीएममध्ये पण नसतात.’’

मराठी राज्यात टांकसाळ सरकारी हवीच असा हट्ट नव्हता. सोनार, सावकार कंत्राट घेत. व्यापारी आपली चांदी किंवा परमुलखातली नाणी आणून देई, टांकसाळ ती वितळवून आपल्या छापाची करून देई आणि मजुरी कापून घेई. गिरणीत गहू द्यावेत आणि पीठ घेऊन यावं, तसं. फरक इतकाच की गिरणीवाला पिठात भेसळ करतोय का हे चपातीवरून कळतं. नाण्यातली भेसळ कळायला सराफ लागायचा, आणि तो फुकट सांगायचा नाही.

भेसळीचा हिशेब कधीकधी थेट टांकसाळीच्या दारात पोहोचे. मुरूडजवळच्या जंजिऱ्याच्या सिद्दींची स्वतःची टांकसाळ होती. तिच्यातून हलक्या कसाची नाणी निघतात असं म्हणत इंग्रजांनी १८३४च्या सुमारास ती बंद केली. ज्या किल्ल्यावर शिवराय, संभाजीराजे, आंग्रे, पेशवे सगळ्यांनी प्रयत्न केले आणि जो कुणाला घेता आला नाही, त्याची टांकसाळ एका हुकुमाने बंद पडली.

आकड्यासारखा पैसा

माझ्या संग्रहातली सगळ्यात लाडकी नक्कल गोल नाही. ती आहे लारी.

सोळाव्या-सतराव्या शतकात इराणच्या आखातापासून मालदीव, सिंहलद्वीपापर्यंत लारी चाले, आणि आपल्या चौल, दाभोळच्या बंदरांतही. नाव पडलं इराणमधल्या लार या गावावरून. चांदीची जाड तार अर्ध्यात दुमडायची, थोडी चपटी करायची, वर ठसा मारायचा. झाला पैसा. विजापूरच्या अली आदिलशहाच्या नावाच्या लाऱ्या आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. सिंहली लोकांनी ती टोकाशी वाकवून गळासारखी केली. आणि मालदीवमध्ये आजही एका रुफियाचे शंभर ‘लारी’ होतात. म्हणजे चौलच्या धक्क्यावर चाललेल्या नाण्याचं नाव घेऊन आपले हनीमूनवाले तिथे सुटे पैसे मोजतात आणि त्यांना पत्ता नसतो.

लारीची नक्कल करायला यंत्र लागत नाही. अलिबागच्या जुन्या पेठेतल्या एका सोनारकाकांकडे गेलो. पाच ग्रॅमला जरा कमी, अशी चांदी मागितली, कारण लारीचं वजन तेवढंच असतं. त्यांनी चांदी मुशीत वितळवून कांडी ओतली, मग भोकाभोकांच्या पोलादी पट्टीतून ती ओढायला घेतली. मोठ्या भोकातून, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. मध्येच तार कडक होते, तेव्हा फुंकणीने लाल करायची, पाण्यात सोडायची, चुर्र आवाज येतो, आणि ती पुन्हा लोण्यासारखी वळते. अडीच मिलिमीटर जाडीची, अर्धी वीत लांब तार झाली. चिमट्याने मधोमध धरून दुमडली. ऐरणीवर चार ठोके. टोकं जराशी फाकली, तीही तशीच ठेवली, कारण मूळ नाण्यांतही ती तशीच असतात.

‘‘कशासाठी? केसांत घालायला?’’ काकांनी विचारलं.

पैसा आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे नीट पाहिलं. जुन्या लाऱ्यांवर फारसी अक्षरांचे अर्धवट तुकडे असतात. आम्ही तसं काही केलं नाही. काकांकडच्या अक्षरांच्या ठशांतून ‘प्र’ घेतला आणि एका बाजूला हाणला. प्रत असल्याचा पुरावा तिच्याच अंगावर. पुढे माझ्या नातवाने ती कुणाला चौलच्या उत्खननात सापडली म्हणून विकू नये, एवढाच हेतू.

अमेरिकेत हे कायद्याने सक्तीचं आहे. १९७३च्या कायद्यानुसार जुन्या नाण्याची नक्कल केली तर तिच्यावर ‘कॉपी’ हा शब्द ठसवावाच लागतो. आपल्याकडच्या टपरीतल्या होनावर तो शब्द कुठे दिसत नाही. तिथे विक्रेत्याच्या प्रामाणिकपणावर आणि आपल्या अकलेवर भिस्त.

कंपनीचा रुपया, महाराजांचं उत्तर

राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला होता, हे शाळेत वाचलेलं असतं. तो आला होता वीस कलमांचा तहाचा मसुदा घेऊन, आणि त्यात एक कलम नाण्यांचं होतं: कंपनीची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत.

महाराजांनी ते कलम मान्य केलं नाही. पण नकार देण्याची पद्धत बघा. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: तुमच्या नाण्यांना मी बंदी घालत नाही. पण माझ्या रयतेने तोटा सोसून ती घ्यावीत अशी सक्तीही करणार नाही. वजनाला आणि कसाला मुघलांच्या नाण्यांच्या तोडीस तोड असतील, तर आपोआप चालतील. चलनधोरणावर इतकं थोडक्यात आणि इतकं नेमकं रिझर्व्ह बँकेच्या पत्रकातही वाचायला मिळत नाही.

आणखी एक कलम त्यांनी फेटाळलं, किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचा माल परत देण्याचं. कोकणात फुटलेलं गलबत राजाचं, हा रिवाजच होता. व्यापारी तक्रार करोत, समुद्र करत नव्हता.

कंपनी म्हणजे तरी काय, भागभांडवलावर चालणारी एक खासगी पेढी. इंग्लंडच्या राजाने मुंबई तिला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. १६७६ मध्ये त्याच राजाने, दुसऱ्या चार्ल्सने, तिला मुंबईत रुपये, पैसे आणि बुजरूक नावाची चिल्लर पाडण्याचा परवाना दिला. म्हणजे रेवदंड्याच्या दातारांच्या आधी सत्तर वर्षं, खाडीच्या पलीकडे हेच दुकान थाटलेलं होतं. पुढे कंपनीने मुंबईचे तांब्याचे पैसे १७९१ मध्ये थेट बर्मिंगहॅममधून करून आणले. ते पाडणारा मॅथ्यू बोल्टन हा वाफेच्या यंत्रांचा कारखानदार, त्याची सोहो टांकसाळही खासगीच. मद्रासच्या वीस आणि दहा काशांच्या नाण्यांचा असाच एक माल घेऊन ‘अ‍ॅडमिरल गार्डनर’ नावाचं जहाज इंग्लंडहून निघालं आणि जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ वाळूच्या दांड्यावर आदळून बुडालं. पाणबुड्यांनी दीड शतकाहून जास्त काळानंतर वर काढलेली ती नाणी आज इतकी स्वस्त मिळतात, की त्यांची नक्कल करणं परवडत नाही.

जिभेवरची नाणी

नाणी खिशातून गेली, भाषेत राहिली. पटापट:

‘बट्टा लागणे’ म्हणजे नावाला डाग लागणे. मूळचा बट्टा म्हणजे परमुलखातल्या किंवा झिजलेल्या रुपयावर सराफाने कापलेली रक्कम. चांगल्या घराण्याला बट्टा लागला, म्हणजे ते बाजारात सोळा आण्यांना जाईना.

‘कलदार’ म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला रुपया. हातोडीने ठोकलेल्या नाण्याच्या कडा वेड्यावाकड्या असत, कुणी थोडीशी कातरून घेतली तर कळतही नसे. कलदाराच्या कडेला दाते आले आणि हा जोडधंदा बसला.

‘खणखणीत’ हा शब्द आपण आवाजाला, उत्तराला, कधी तब्येतीलाही लावतो. नाणं दगडावर आपटायचं, चांगल्या चांदीचा आवाज लांबतो, भेसळीचा ‘बद्द’ वाजून थांबतो.

पोतदार म्हणजे सरकारी पोत्यातली, म्हणजे खजिन्यातली नाणी पारखून घेणारा. टांकसाळे कोण ते सांगायला नको. कॉलेजात आमच्या वर्गात एक पोतदार आणि एक टांकसाळे होते. दोघेही कॅन्टीनचं बिल भरायच्या वेळी गायब.

नक्कल अस्सलपेक्षा शुद्ध

धनत्रयोदशीला पनवेलपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही सराफाकडे जा, ‘राणीछाप’ मिळतं. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाची हुबेहूब नक्कल, नव्या चांदीत. भारतात जुन्या खासगी-सरकारी नाण्यांच्या नकलांचा सगळ्यात मोठा बाजार बहुधा हाच, फक्त आपण त्याला संग्रह म्हणत नाही, लक्ष्मीपूजन म्हणतो.

आता गंमत. खरा राणीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, बरोबर एक तोळा, म्हणून जुनी माणसं तोळा मोजायला वजनाऐवजी रुपयाच तराजूत टाकत. त्यात चांदी ९१.७ टक्के, बाकी तांबं. नव्या राणीछापवर ९९९चा शिक्का असतो. म्हणजे नक्कल अस्सलपेक्षा जास्त शुद्ध! असलं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

राणीच्या रुपयावरचं साल बघून फसू नका. १८६२ साल छापलेला रुपया १८७४ पर्यंत पाडला जात होता. साल तेच, बाजूला छोटे ठिपके वाढवत जायचे. हौशी लोक भिंगाने ते ठिपके मोजतात आणि बायकोला सांगतात की महत्त्वाचं काम चाललंय.

पंचम जॉर्जचा १९११चा रुपया आणखी मजेदार. राजाच्या अंगरख्यावर हत्तीचं चित्र कोरलं होतं, पण सोंड इतकी आखूड, की लोकांना तो डुक्कर वाटला. देशभर खळबळ. बरेचसे रुपये परत घेऊन वितळवले गेले आणि १९१२ पासून हत्तीला व्यवस्थित हत्ती करण्यात आलं. त्यामुळे ‘डुक्कर रुपया’ आज भाव खातो, आणि त्याच्या नकला अर्थातच निघतात.

पण नकलांची महाराणी म्हणजे मारिया तेरेसा. ऑस्ट्रियाच्या या राणीचं १७८०मध्ये निधन झालं. त्या सालाचा तिचा चांदीचा थालर अरबस्तान आणि इथिओपियात इतका चालला, की पुढे दोनशे वर्षं वेगवेगळ्या देशांनी १७८० हेच साल घालून तो पाडला. व्हिएन्ना, लंडन, रोम, बर्मिंगहॅम. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला, आपल्या मुंबईच्या टांकसाळीने. बोरीबंदराजवळ बसून ऑस्ट्रियाच्या मेलेल्या राणीचे रुपये पाडणारे आपले कामगार संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडत असतील, असं मला उगीच वाटत राहतं.

मुंबईच्या सराफा पेढ्याही मागे नव्हत्या. गेल्या शतकाच्या मधल्या काळात मणिलाल चिमणलाल, नारणदास मनोरदास अशा पेढ्यांनी आपल्या नावाची छाप मारून तोळे विकले. नाणं नव्हे, पण नाण्यासारखं. पैसा नव्हे, पण पैशाइतकं भरवशाचं. आज त्यांचेही संग्राहक आहेत.

हे मात्र घेऊ नका

एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि पायाशी हनुमान. दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’. तांब्याचं, काळपट, दिसायला फार जुनं. व्हॉट्सअ‍ॅपवर दर दिवाळीला याची किंमत लाखांत सांगणारा मेसेज फिरतो. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. याची मूळ नाणीच नसल्यामुळे याला नक्कल तरी कशी म्हणायची? नाटकातली पात्रं जशी कल्पित असतात तसं हे कल्पित नाणं. मंदिरांत वाटले जाणारे रामटंके पूर्वी होते, ते वेगळे, आणि ते कुणी चलन म्हणून खपवत नव्हतं.

याच्याच पुढची पायरी ‘राईस पुलिंग’. नाण्याजवळ तांदूळ नेला की तो ओढला जातो, कारण आत इरिडियम आहे, नासा विकत घेणार आहे, आगाऊ रक्कम भरा. कोकणात तांदूळ भरपूर, त्यामुळे प्रयोग सहज होतो. तांदळाला आधी लोखंडाचा कीस लावलेला असतो.

घरबसल्या पारख

हातोडीने ठोकलेल्या जुन्या रुपयाचं एक वैशिष्ट्य नकला करणाऱ्यांना नेहमी नडतं. ठसा मोठा असे आणि चांदीची चकती लहान. त्यामुळे अक्षरांचा पूर्ण मजकूर एका नाण्यावर सहसा उमटत नसे. एकावर वरचा तुकडा, दुसऱ्यावर डावीकडचा. अभ्यासक दहा-बारा नाणी शेजारी मांडून एक वाक्य जुळवतात. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं मराठी टांकसाळींवरचं १९८९चं इंग्रजी पुस्तक पाहिलं तर ही जुळवाजुळव किती चिकाटीची ते कळतं. ते नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेने काढलं. आता तुमच्या समोरच्या ‘अस्सल’ मराठी रुपयावर सगळा मजकूर गोलाकार, मधोमध, एकही अक्षर न तुटता छापलेला असेल, तर समजा की तो यंत्रावर पाडलाय. इतका नीटनेटकेपणा अठराव्या शतकातल्या मराठी टांकसाळीला परवडत नव्हता.

दुसरं म्हणजे कड बघा. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला बारीक शिवण असते, सोनाराने घासली तरी भिंगाखाली दिसते. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खळगे असतात. ठोकलेलं नाणं असं दिसत नाही.

तिसरा प्रयोग माझ्या आवडीचा. शंभरांश ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात बुडेल पण तळाला टेकणार नाही असं लोंबकळत धरायचं. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागायचं. शुद्ध चांदी असेल तर उत्तर साडेदहाच्या जवळ. जर्मन सिल्व्हर असेल तर पावणेनऊच्या आसपास, कारण जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त, बस. माझा रायगडचा होन बुडवला. ०.९७. दहाला ०.९७ ने भागलं तर १०.३. म्हणजे चांदी होती, पण ‘प्युअर’ नव्हती. पंच्याण्णव टक्क्यांपेक्षा खालीच.

कायद्याची कटकट, थोडक्यात

आपण स्वतः टांकसाळ काढावी असा विचार कुणाच्या मनात आला असेल तर १८८९ मध्येच दार बंद झालंय. चलन म्हणून वापरायची धातूची टोकनं खासगीत पाडायला तेव्हाच्या कायद्याने मनाई केली. तो कायदा २०११च्या नाणेविषयक कायद्यात विलीन झाला. शोभेची, पूजेची, संग्रहाची नाणी चालतात. ती वाण्याला देऊन साखर घेतली तर पंचाईत.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या भाच्याला वाढदिवसाला द्यायचं असेल तर म्हणूनच नक्कल बरी. आणि वाडीत माड लावायला खड्डा खणताना हंडा लागला, तर १८७८चा निखात निधीचा कायदा सांगतो की सापडलेल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर कलेक्टरला कळवा. तेव्हाचे दहा रुपये म्हणजे दहा तोळे चांदी. आजच्या दहा रुपयांत वडापाव येत नाही, तरी कलेक्टरला कळवायचंच.

नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये असाच ठेवा सापडला. तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या दोनतृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. शत्रूला हरवलं, त्याची नाणी वितळवायचा खटाटोप कशाला करा? वरून ठोकला आपला शिक्का, आत नहपान तसाच. काही नाण्यांवर त्याचं नाक अजून दिसतं.

डबीसकट

गेल्या महिन्यात त्या होनाचा मोह सुटला. लारी मात्र ठेवली, ‘प्र’सकट. होन घेऊन किनाऱ्यावरच्याच एका गावातल्या सराफाकडे गेलो. त्याने कसोटीच्या काळ्या दगडावर होनाची कड घासली, शेजारी आपल्या नमुन्याची रेघ ओढली, वर आम्लाचा थेंब सोडला, दोन्ही रेघा डोळे बारीक करून पाहिल्या. ‘श्री राजा शिव’कडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

‘‘ब्याण्णव टंच. नव्वद धरतो. वर घट.’’

‘‘घट कसली? दोन टंच आधीच कापलेत.’’

‘‘वितळवताना जाते ना.’’ त्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. पायथ्याला मोजले होते त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त.

‘‘आणि डबी?’’

त्याने ती मखमली डबी उघडली, बंद केली, टक्कन आवाज झाला. ‘‘ही ठेवा. अंगठी ठेवायला होईल.’’